न चावणारे कुत्रेही रोग देते

महोदय,

भटक्या कुत्र्यांची चर्चा रेबीजपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. रेबीज भयंकरच; लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून कुत्रे चावताच जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावूनच, कारण दोन मिनिटांत बहुतेकांचा धीर सुटतो. रक्त आले असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे औषधही हवे आणि ते जखमेतच टोचावे लागते; कारण लशीमुळे शरीरात प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडाभर तरी जातो. टाके शक्यतो टाळावेत.

पण विष्ठेचे काय? तिच्यातली गोलकृमीची अंडी ताजी असताना बाधत नाहीत. मातीत २ ते ४ आठवडे राहिली की बाधतात. तोवर विष्ठा वाळून मातीत मिसळलेली असते आणि मुले तिथेच खेळतात. अंकुशकृमीची अळी तर अनवाणी पावलातून शिरते आणि त्वचेखाली खाजरी, नागमोडी रेघ ओढत जाते. त्यामुळे विष्ठा रोजच्या रोज उचलणे हाच खरा उपाय. जंतुनाशकाच्या फवारणीला ही अंडी सहसा दाद देत नाहीत, फोटो मात्र चांगले येतात.

हायडॅटिडच्या गाठी, म्हणजे कुत्र्यांच्या फीतकृमीची अंडी पोटात गेल्याने जनावरांच्या आणि माणसांच्याही यकृतात, फुप्फुसात होणाऱ्या पाणीदार गाठी, यांचे मूळ कत्तलीच्या जागी असते. गाठी असलेले यकृत, फुप्फुस कुत्र्यांपुढे फेकले की त्यांच्या आतड्यात फीतकृमी वाढतात आणि सुमारे सहा-सात आठवड्यांत विष्ठेतून अंडी बाहेर पडू लागतात. असे अवयव जाळावेत, नाहीतर कुत्र्यांना उकरता येणार नाहीत इतके खोल पुरावेत.

– एक पशुवैद्यक