बॅटरी खराब नाही, जोडणी चुकीची आहे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : मोटरहोमच्या मागच्या बॅटरीचं चार्जिंग आणि इतर न सुटलेल्या तक्रारी

तुमच्या सेवा केंद्राचा फोन आत्ताच ठेवला. यापुढे फोनवर काहीही बोलायचं नाही असं ठरवून हे लिहिते आहे, कारण फोनवरच्या बोलण्याची तुमच्याकडे नोंदच राहत नाही. दर वेळी नवा माणूस, आणि दर वेळी मी पहिल्यापासून सांगायचं.

मूळ तक्रार तीच आहे. दिवसभर गाडी चालवली तरी राहण्याच्या भागाची, म्हणजे मागची, बॅटरी भरत नाही. मुक्कामाला गाडी उभी केली की फ्रिज, पाण्याचा पंप, दिवे, सगळं तिच्यावर असतं. मध्यरात्र उलटली की फ्रिज लो व्होल्टेज दाखवून बंद पडतो. तुमच्या लोकांनी बॅटरी बदलून दिली. नवीही तशीच बसली. मग तीही बदलली. बॅटरी बदलणं हा यावरचा उपाय नाही, हे मी तेव्हाच सांगितलं होतं.

कारण तुम्हाला माहीत असायलाच हवं, गाडी तुम्ही बांधली आहे. या चेसिसला, म्हणजे ज्या मूळ गाडीवर तुम्ही घर बांधलं तिला, स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) आहे. पुढची, इंजिनाची बॅटरी पुरेशी भरली की इंधन वाचवण्यासाठी इंजिनाचा कंप्युटर अल्टरनेटरचं व्होल्टेज खाली आणतो. आणि तुम्ही दोन बॅटऱ्यांच्या मध्ये बसवलाय तो जुन्या पद्धतीचा, व्होल्टेज बघून आपोआप जोडणारा स्विच, म्हणजे रिले. व्होल्टेज उतरलं की तो सुटतो, मागे काहीच पोचत नाही.

हे मी मोजून बघितलं आहे. मल्टिमीटरच्या तारा लांबवून मागच्या बॅटरीपासून पुढच्या सीटपर्यंत आणल्या. नवरा गाडी चालवत होता, मी मांडीवर वही घेऊन आकडे लिहीत होते. गाडी सुरू केल्यावर १४.१ व्होल्ट. थोड्या वेळाने बाकाखालून रिले सुटल्याचा टक्क असा आवाज आला आणि आकडा उतरत उतरत १२.३ वर आला. सपाट रस्त्यावर तिथेच राहिला. लांब उतार लागला, नवऱ्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तसा पुन्हा टक्क, आणि १४.४. उतार संपला, परत खाली. म्हणजे ही बॅटरी सुरुवातीची थोडी मिनिटं सोडली तर फक्त उतारावर चार्ज होते! लेड ॲसिड बॅटरी सतत अशी अर्धीमुर्धी ठेवली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती कामातून जाते. बदलून दिलेल्या बॅटऱ्या याच कारणाने गेल्या. मध्ये डीसी टू डीसी चार्जर हवा. अल्टरनेटरकडून येणारं व्होल्टेज कमी असलं तरी तो मागच्या बॅटरीला लागतं तेवढं वाढवून देतो. मी इंजिनिअर नाही, वाचून आणि विचारून हे शोधलं. तुमच्याकडे इंजिनिअर आहेत.

आता आजचा फोन. हे तुम्ही नीट वाचावं.

तुमच्या प्रतिनिधीने विचारलं, "मॅडम, रात्री काय काय लावता?" मी सांगितलं : फ्रिज, दिवे, आणि वडिलांचं श्वासाचं मशीन. वडिलांचा झोपेत श्वास अडकतो. ते मशीन १२ व्होल्टवर चालतं, आणि गाडी बुक करण्याआधीच मी तुमच्या विक्रेत्याला स्पष्ट विचारलं होतं, रात्रभर चालेल ना? "आरामात," असं त्याचं उत्तर होतं. हेही आज पुन्हा सांगितलं. त्यावर तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "ते मशीन रोज लावायलाच पाहिजे का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हणून विचारलं, काय म्हणालात? तर त्याने तेच आणखी सावकाश, लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं : "प्रवासात असताना नाही लावलं तर लोड कमी होईल ना." मी म्हटलं, माझ्या वडिलांचा श्वास हा लोड नाही. "चिडू नका मॅडम, मी मदतच करतोय." मी वहीतले आकडे वाचायला लागले, तर मधेच तोडून, "मल्टिमीटर तुम्ही स्वतः लावला होता? घरात गाडीतलं कळणारं कोणी असेल तर त्यांना फोन द्या."

फोन स्पीकरवर होता. वडील मागे बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं. मला म्हणाले, "अगं, एखाद्या रात्री नाही लावलं तर काय बिघडतंय?" तुमच्या सदोष जोडणीमुळे माझे वडील स्वतःला अडचण समजायला लागले आहेत. याची भरपाई कुठल्या वॉरंटीत बसते?

बाकीचंही राहिलंच आहे. छतावरच्या खिडकीचं सील सुटलंय, पाऊस आला की पाणी आत झिरपतं आणि खालचं प्लायवूड आता बोटाने दाबलं तरी दबतं. दाराची पायरी अधूनमधून आत जात नाही. चेसिसवाल्यांच्या वर्कशॉपमध्ये गेलं तर ते म्हणतात, गाडीतल्या घराच्या वायरिंगला आम्ही हात लावत नाही. तुम्ही म्हणता, अल्टरनेटर आमचा नाही. दोघांना जोडणारी वायर तुम्ही ओढली आहे, तो रिले तुम्ही बसवला आहे, आणि पावती तुमच्या नावाची आहे. पुन्हा सांगते, बॅटरी बदलून हे सुटणार नाही.

तुमची गाडी मी डोळे झाकून घेतली नव्हती. बाकीच्या बघून, मोजूनमापून, तुमचं काम पक्कं असतं असं ऐकून घेतली. ओळखीच्या लोकांना हीच घ्या म्हणून सांगितलंही. आता त्यांना काय सांगायचं ते तुमच्या उत्तरावर ठरेल.

योग्य क्षमतेचा डीसी टू डीसी चार्जर आणि नवी बॅटरी तुमच्या खर्चाने बसवून द्या. छताची खिडकी आणि कुजलेलं प्लायवूड दुरुस्त करा. काम झाल्यावर माझ्यासमोर गाडी चालवून मागच्या बॅटरीचं व्होल्टेज मोजून दाखवा. आणि आजच्या संभाषणाबद्दल माझी नाही, माझ्या वडिलांची लेखी माफी मागा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर गाडीची पूर्ण किंमत परत मागण्यासाठी मी ग्राहक न्यायालयात जाईन. वकिलांशी बोलणं झालं आहे.

मला फोन करू नये.

सोबत : व्होल्टेजच्या नोंदींची पानं, जॉबकार्डांच्या प्रती, छताचे फोटो.