वाघाचं काही नाही जी, अस्वलाचं बोला!

मा. संपादक, नमस्कार.

मी मूळची कोल्हापूरकडची, नोकरीमुळे नागपुरात आले, आणि तेव्हापासून सुट्टी मिळाली की ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला या बाजूच्या गावांत फिरत असते. सफारी छानच असते पण वाघाच्या खऱ्या गप्पा ऐकायच्या तर गावातल्या टपरीवरच बसावं.

ताडोबाजवळच्या मोहर्लीच्या रस्त्यावर एका टपरीवाल्या काकांना विचारलं, इकडे वाघ येतो का हो? "येते ना जी, सकाळीच तळ्याकडे गेला," असं चहा गाळता गाळता म्हणाले आणि लगेच गाडी रानडुकरांवर, कारण डुकरांनी त्यांचा हरभरा पार उकरून टाकला होता आणि त्यापुढे वाघ म्हणजे काहीच नाही! बाजूला बसलेल्या मावशी तर वाघाच्या बाजूनं भांडायलाच लागल्या, "तो कायले कोनाच्या वाटेले जाते, आपल्या रस्त्यानं येते न जाते. अस्वलाचं नाव नका काढू बाप्पा!" अस्वल म्हटल्याबरोबर सगळी टपरी गप्प. मला जाम हसू आलं, पण मावशींचं खरंच आहे, अस्वलाची नजर अधू, माणूस एकदम समोर आला की ते दचकतं आणि सरळ तोंडावर, डोक्यावर येतं.

ही माणसं बिनधास्त बोलतात म्हणून "गावकऱ्यांना भीतीच नाही, मुद्दाम जंगलात जातात" असं आपण शहरातले म्हणतो ते मात्र मला अजिबात पटत नाही. मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये पडतात, पहाटेच वेचावी लागतात, मे महिन्यात तेंदूपत्ता, वर्षाचा रोख पैसा यातूनच, आणि वाकून वेचणारा माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. म्हणून तर ते एकटे जात नाहीत, मोठ्यानं बोलत जातात, चितळाचा कॉल, म्हणजे वाघ जवळ असल्याची इशाऱ्याची हाक, आला की तिथूनच मागे फिरतात.

पण रात्रीच्या ओलिताला काय करणार? चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारातसुद्धा वाघ फिरतात, तिथली वीज राज्यभर जाते, आणि त्याच जिल्ह्यातल्या जंगलालगतच्या शेतकऱ्याला पंप चालू करायला रात्री टॉर्च घेऊन एकट्यानं जावं लागतं! शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे. मग त्यात पहिला नंबर बफरमधल्या (व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या) आणि जंगलाला लागून असलेल्या गावांचा का नको? नुकसानभरपाईची रक्कम वाढवतात ते ठीक, पण माणूस जिवंत घरी यायला पाहिजे ना.

तुमच्या पेपरनं हा विषय लावून धरावा ही कळकळीची विनंती, आणि रब्बीचं ओलीत सुरू व्हायच्या आत काहीतरी व्हावं.

— एक वाचक, नागपूर