नाक फुटल्याचे कौतुक झाले, उपचाराचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर जिल्हास्तरीय मुष्टियुद्ध स्पर्धेची बातमी आली. दुसऱ्या फेरीत नाक फुटूनही एका मुलाने तिसरी फेरी खेळून सुवर्ण जिंकले, असे शीर्षकच होते. मुलाच्या जिगरीबद्दल दुमत नाही. पण त्या नाकाचे पुढे काय झाले, हे बातमी दोनदा वाचूनही कळले नाही. फोटोत पदक आहे, हार आहे, नाकपुड्यांत कापसाचे बोळे आहेत. मुलांना मुष्टियुद्ध शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून हे लिहावेसे वाटले.

नाक मोडणे आमच्या खेळात नवलाचे नाही. चेहऱ्याच्या हाडांत सर्वांत जास्त मोडते ते नाकच. ते पुढे आलेले, वरचे हाड पातळ आणि खालचा भाग नुसता कूर्चेचा, म्हणजे लवचिक मऊ हाडाचा. समोरच्या सरळ ठोशापेक्षा (जॅब) बाजूने वळवून बसलेला ठोसा (हुक) ते लवकर वाकवतो. रोममध्ये १८८५ साली जमिनीखाली सापडलेला मुष्टियोद्ध्याचा ब्राँझचा पुतळा पाहा. लढून दमून बसलेला माणूस, हातांना चामड्याचे पट्टे, कान सुजून बसलेले, नाक मोडलेले आणि जखमांतले रक्त दाखवायला तांब्याचे जडावकाम. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराला या खेळाची खूण काय, ते नेमके ठाऊक होते. आजची पोरे मोबाइलवर एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळे चालणाऱ्या खेळाच्या लढती बघतात. त्यात २००६ साली अँडरसन सिल्वाने गुडघे मारून रिच फ्रँकलिनचे नाक मोडले, ती लढत त्यांना पाठ असते. फ्रँकलिनवर नंतर काय उपचार झाले, ते कोणी बघत नाही.

पालकांचा एक गैरसमज इथेच दूर करतो. हेडगार्ड घातले की नाक वाचते, असे त्यांना वाटते. कपाळ, गाल, कान झाकले जातात. नाक उघडेच राहते. ऑलिंपिकमध्ये हेडगार्ड १९८४ साली आले आणि २०१६ च्या रिओ स्पर्धेत पुरुष पुन्हा त्याशिवाय खेळले. त्यावरून झालेला सगळा वाद मेंदूला बसणारा धक्का आणि भुवयांवरच्या जखमा यांच्याभोवती फिरला. नाकाचा त्यात फारसा संबंध नव्हता.

आणि लढतीपेक्षा नाके मोडतात ती सरावात, असा माझा अनुभव आहे. सरावाचा शेवट, सगळे दमलेले, हात खाली आलेले. जोडीदार कमी म्हणून पंचावन्न किलोचा पोरगा सत्तर किलोच्या पोराबरोबर उभा केलेला. डोक्याला डोके लागते, कोपर लागते. तिथे ना पंच असतो, ना डॉक्टर. स्पर्धेत नाकातून रक्त आले तर पंच लढत थांबवून डॉक्टरांना दाखवू शकतो. तालमीत मात्र ‘घोळणा फुटलाय, पाणी मार, बस पाच मिनिटं’ एवढ्यावर भागते. कुस्तीच्या काही आखाड्यांत तर मातीच लावतात.

माझे म्हणणे असे की नुकसान हाड मोडल्याने कमी होते, पुढच्या चार दिवसांच्या हयगयीने जास्त होते. माझ्याकडच्या एका चौदा वर्षांच्या मुलाला सरावात फटका बसला. रक्त दहा मिनिटांत थांबले, नाक सरळ दिसत होते. घरच्यांनी एक्स-रे काढला. हाड शाबूत आहे, काळजी नको, असे सांगून दवाखान्यातून घरी पाठवले. तिसऱ्या दिवशी तो तोंडाने श्वास घेत आला, अंगात ताप. टॉर्च मारून पाहिले, तर मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना जांभळट फुगवटे होते, कापसाची काडी टेकवली की दबणारे. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी त्याच संध्याकाळी चीर देऊन आतले साकळलेले रक्त आणि पू काढला. जीव वाचला, नाकाचा आकार वाचला नाही. पुढे काही महिन्यांत नाकाचा मधला भाग खोगिरासारखा खचला.

त्या डॉक्टरांनी समजावले ते असे. नाकाच्या पडद्यातल्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, तिच्यावरच्या आवरणातून ती पोसली जाते. मध्ये रक्त साकळले की आवरण सुटते आणि कूर्चा उपाशी मरते. जंतुसंसर्ग झाला तर आणखी लवकर. हे एक्स-रेत दिसत नाही, कारण कूर्चाच एक्स-रेत दिसत नाही. नाकात डोकावूनच ते कळते, आणि रक्त त्याच दिवशी काढावे लागते. वाकडे झालेले हाड बसवायला त्या मानाने सवड असते. चार-पाच दिवसांत सूज उतरली की, आणि मोठ्या माणसात साधारण दोन आठवड्यांच्या आत ते जागेवर आणता येते. लहान मुलांत हाड लवकर जुळते, म्हणून त्याहून आधी. ती मुदत गेली की शस्त्रक्रियाच, आणि वाढत्या वयात तीही बहुतेकदा वाढ पूर्ण होईपर्यंत लांबवतात.

रक्त येत असताना मान मागे टाकायला सांगणारे अजूनही रिंगच्या कडेला भेटतात. मान पुढे झुकवावी, नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटे न सोडता चिमटीत धरावा, आणि नाक अजिबात शिंकरू नये. डोळ्याखालचे हाडही तडकलेले असेल, तर शिंकरताच हवा कातडीखाली शिरते आणि डोळा फुगून बंद होतो. नाकातून पाण्यासारखे पातळ काही गळत राहिले, तर क्षणाचाही वेळ न घालवता रुग्णालय गाठावे; ते मेंदूभोवतीचे पाणी असू शकते.

मुलींच्या बाबतीत या विषयाला वेगळेच शेपूट फुटते. ‘सर, नाक मोडलं तर पुढे लग्नाचं काय?’ हा प्रश्न आया मला पहिल्या दिवशी विचारतात. मुलांच्या आया असे विचारत नाहीत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इटलीच्या अँजेला कारिनीने ४६ सेकंदांत लढत सोडली आणि नाकात असह्य वेदना होत असल्याचे सांगितले. त्या लढतीवरून जगभर पेटलेल्या वादात मी शिरत नाही. पण आमच्याच काही खेळाडूंनी ‘नाकाला लागलं म्हणून कोणी रिंग सोडतं का?’ अशी तिची टर उडवली, ती मला खटकली. सोडते. सोडावीही.

जिल्हा संघटनांनी दोन गोष्टी केल्या तरी बरेच साधेल. मैदानाबाहेर रुग्णवाहिका उभी केली की वैद्यकीय सोय झाली, असे समजू नये. चेहऱ्यावर ठोसा बसून रक्त आलेल्या प्रत्येक खेळाडूचे नाक डॉक्टरांनी टॉर्चने आतून पाहावे आणि तशी चिठ्ठी झाल्याशिवाय त्याला घरी सोडू नये. आणि नाक मोडलेल्या मुलाला स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, कधी उभे करायचे, हे प्रशिक्षकाने ठरवू नये. आमचा मोह आम्हाला ठाऊक आहे. पुढची स्पर्धा तोंडावर असली की दोन आठवडेही आम्हाला पुरेसे वाटू लागतात.

आपल्याला विनंती एवढीच की विभागीय स्पर्धेला आपला प्रतिनिधी येईल, तेव्हा रक्ताळलेल्या विजेत्याचा फोटो जरूर घ्यावा. डॉक्टरांना दाखवले का आणि कधी, हेही विचारून छापावे.

आपला,
एक मुष्टियुद्ध प्रशिक्षक, अकोला