खंड्याच्या चालीनं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि कुत्र्याच्या पिल्लाचा फोटो, दोन्ही पोचलं. एक कान उभा, एक पडलेला. दुसऱ्याचं अजून ठरत नाहीये वाटतं! आमच्या खंड्याचंही असंच होतं. सहा-सात महिने त्याच्या चेहऱ्यावर कायम एक प्रश्नचिन्ह असायचं.

तू विचारलंयस, तुम्ही दोघं नदीकाठानं आणि झाडीतून भटकता तसं याला कधी न्यायचं आणि किती किलोमीटर चालवायचं. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. लसी पूर्ण झाल्या आणि डॉक्टरांनी होकार दिला की निघायचं. लेप्टोस्पायरोसिसच्या लशीचं मात्र आठवणीनं विचार. उंदीर-घुशींच्या मुतातून तो आजार डबक्यांत आणि साचलेल्या पाण्यात उतरतो, आणि आपली ही मंडळी नितळ पाणी सोडून नेमकं डबक्यालाच तोंड लावतात. तो आजार माणसालाही होतो.

दुसरा प्रश्न मात्र मी तुला परत करतो. किलोमीटर मोजायचे कशाला? पहिलं वर्षभर मीही मोजत होतो. फोन हातात, खंड्या दर दहा पावलांवर थांबणार, आणि मी "चल रे, चल" करत दोरी ओढणार. एकदा अर्ध्या वाटेत फोन बंद पडला. मोजायला काही उरलंच नाही, म्हणून तो थांबला की मीही थांबायला लागलो. एरवी पाऊण तासात उरकणाऱ्या वाटेला त्या दिवशी दोन तास लागले. घरी आल्यावर तो असा झोपला, की एवढा गाढ झोपलेला मी त्याला त्याआधी पाहिलाच नव्हता. पायांनी तो नेहमीएवढाच चालला होता. दमला होता तो नाकानं.

माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतील, तर कुत्र्याच्या नाकात 20 कोटींच्या वर. शिवाय श्वास सोडताना हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून बाहेर जाते, त्यामुळे समोरचा वास उधळत नाही. आपण पाटी वाचावी तसा तो झाडाचं खोड वाचतो. कोण आलं, कधी आलं, नर की मादी. ते वाचत असताना त्याला ओढणं म्हणजे आपल्या हातातलं पत्र कुणी अर्ध्यावर हिसकावून नेणं. आणि नदीच्या दरीत तर वाऱ्याचीही मजा असते. पहाटे गार, जड हवा उतारावरून खाली नदीकडे घरंगळते, ऊन तापलं की तीच वर चढायला लागते. सकाळी खंड्या नाक वर करून चढाकडे बघतो आणि उन्हं वर आली की खालच्या काठाकडे. वाऱ्याची दिशा बदलली हे मला त्याच्या मानेवरून कळतं.

वाट निवडताना एक गोष्ट लक्षात ठेव. डोंगर चढताना दम आधी लागतो आणि येताना उतार असतो. दरीत नेमकं उलट. वरून सुरुवात केलीस तर जाताना सगळं मजेत, आणि परतीचा चढ अंगावर येतो तो दोघं थकल्यावर, वर ऊन डोक्यावर. म्हणून शक्यतो खालूनच सुरुवात कर. सकाळी काठानं जा, ऊन चढेल तशी झाडी गाठ. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तळव्यांना जेमतेम येतो, बाकी सगळी भिस्त धापांवर. त्याचं अंग एरवीच 38-39 अंश गरम असतं. ते 41च्या वर गेलं तर जिवावर बेततं. धापा थांबत नाहीत, लाळ चिकट झाली, चाल लडखडली, तर घरी जाऊन बघू म्हणू नकोस. तिथल्या तिथे सावलीत घे, अंगावर गार पाणी ओत आणि डॉक्टर गाठ. तुझ्या पिल्लाचं नाक लांब आहे ते बरंय. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हे फार लवकर होतं.

आता नदीचं सांगतो. हे तुला आजवर कधी सांगितलं नव्हतं, कारण लाज वाटत होती.

खंड्या तेव्हा दोन वर्षांचा असेल. वाटेत एक बुटका बंधारा लागतो, कमरेएवढाही नाही. वरचं पाणी आरशासारखं शांत. मी दोरी सोडली आणि काठी फेकली. तो पोहत गेला, काठी धरली, वळला, आणि आहे तिथेच राहिला. पाय मारत होता पण काठ जवळ येत नव्हता. मग बंधाऱ्यावरून खाली गेला. बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी नुसतं पुढे वाहत नाही, उलटं फिरून परत भिंतीकडे ओढतं. त्यात तो दोनदा खाली गेला. मी बूट काढायला लागलो होतो. मागून येणाऱ्या एका आजींनी माझा दंड इतका घट्ट धरला, की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. "खाली जा, पुढच्या वळणावर उभा राहा नि हाक मार," म्हणाल्या. मी धावलो. तो बाजूच्या प्रवाहात फेकला गेला आणि पुढच्या उथळ वाळूवर आपला आपण बाहेर आला. काठी तोंडातच होती! मी पाण्यात उतरलो असतो तर तो बहुतेक असाच बाहेर आला असता, आणि मी नसतो आलो.

तेव्हापासून आधी मी काठ बघतो: आत उतरायला आणि बाहेर यायलाही उतार आहे का, खाली बंधारा आहे का, वर पाऊस पडून पाणी गढूळलंय का. साचलेल्या कोमट डोहावर निळसर-हिरवा तवंग दिसला तर दोरी आखूड. त्यातल्या काही शेवाळांचं विष कुत्र्याला काही तासांत मारतं आणि त्यावर उतारा नाही. अंगाला लागलेलं ते चाटूनही पोटात जातं. काठी फेकणंही मी सोडलं, पण ते नदीमुळे नाही. काठीचं एक टोक जमिनीत रुततं आणि धावत आलेल्या कुत्र्याच्या घशात दुसरं घुसतं, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासून.

आणखी एक. गोचीड-पिसवांसाठी मानेवर औषधाचे थेंब सोडतोस ना? त्यानंतर काही दिवस त्याला नदीत उतरवू नकोस. इंग्लंडमधल्या 20 नद्यांच्या पाण्याचे 2016 ते 2018 मधले नमुने अभ्यासले, तेव्हा जवळपास 99 टक्के नमुन्यांत फिप्रोनिल सापडलं. हे त्या थेंबांमधलंच एक कीटकनाशक. पाण्यातल्या किड्यांना ते फार थोडंही पुरतं. ते किडे गेले की मासे उपाशी, मासे गेले की खंड्या उपाशी. म्हणजे निळा, चोचवाला खंड्या पक्षी! नाव त्याच्यावरूनच ठेवलंय हे तुला माहीत आहेच. आमच्या खंड्यानं भुंकून त्याला किती वेळा उडवलंय, त्याची गणती नाही.

गुरं दिसली की दोरी आखूड कर आणि लांबून वळसा घे. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीच जाऊ नकोस. पण गाय खरंच अंगावर आली, तर दोरी सोडून दे. तिचा राग कुत्र्यावर असतो. तो पळून सुटतो, आपण नाही सुटत. इतका उलटा सल्ला मी दुसरा ऐकलेला नाही, पण खरा आहे. आणि कुरणात केलेली शी उचलच. कुत्र्याच्या शीतून निओस्पोरा नावाचा परजीवी गवतात जातो आणि गाभण गाई गाभडतात. रानातही उचल. "खतच आहे की" म्हणणारे भेटतील. बेल्जियममधल्या गेंट शहराजवळच्या राखीव रानांचा अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला, त्यात कुत्र्यांमुळे दर हेक्टरी वर्षाला सुमारे 11 किलो नायट्रोजन आणि 5 किलो फॉस्फरस जमिनीत पडतो असं दिसलं. रानफुलांना असली श्रीमंती सोसत नाही, मग तिथे दांडगी झुडपं माजतात. आणि शी पिशवीत भरून ती पिशवी फांदीला टांगून जाणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, पत्राची भाषा बिघडेल.

झाडीत मी दहा मीटरची लांब दोरी वापरतो, पाठीवरच्या पट्ट्याला बांधून, गळ्याच्या नाही. पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत तीही गुंडाळून घेतो. जमिनीवर घरटी करणारी पाखरं कुत्रा नुसता जवळून गेला तरी उठतात आणि अंडी गार पडतात. घरी आलो की कानामागे, काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यांत चाचपून बघतो. गोचीड सापडली तर चिमट्यानं कातडीला लागून धरायची आणि सरळ वर ओढायची. तेल, काडी, चटका यातलं काही नको. कुसळं तर त्याहून वाईट. पायाच्या बेचक्यातून आत शिरतात आणि पुढेच सरकत राहतात.

खंड्या आता अकराचा झाला. मागच्या महिन्यात बंधाऱ्याच्या अलीकडे एका उंबरापाशी थांबला, बराच वेळ हुंगलं, आणि घराकडे तोंड करून उभा राहिला. पूर्वी ही आमची पाव वाट होती. मी काही बोललो नाही, वळलो. आता तेवढंच जातो. तुझं पिल्लू तयार झालं की घेऊन ये. याला त्याच्यामागे धावता येणार नाही, पण कुठल्या खोडाशी किती थांबायचं ते तो नक्की शिकवेल.

येताना चेंडू आणलास तर लाल नको. हिरव्या गवतात तो त्यांना दिसतच नाही, आपल्यालाच शोधावा लागतो. निळा आण.

तुझाच,
खंड्याचा माणूस