सिटी बस हद्द संपली की का थांबावी?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

लातूरच्या सिटी बसचा विषय निघाला की दोन पार्ट्या पडायलेत. एक म्हणते बस आसपासच्या गावांना न्या, दुसरी म्हणते आमच्या घरपट्टीवर चालणारी बस बाहेरच्यांना कशाला, आधी आमच्या कॉलनीत तरी वेळेवर येऊ द्या. दुसऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. सिटी बस तिकिटाच्या पैशावर चालत नाही, पुण्यातबी चालत नाही आणि मुंबईतबी नाही. बहुतेक ठिकाणी ठेकेदाराला किलोमीटरमागं पैसे ठरलेले असतात, तिकिटातून कमी आले की उरलेले महापालिका भरते. मग किलोमीटर वाढले की तूट वाढणार, हा हिशोब कुणालाबी कळतो.

पण घरपट्टीचा हिशोब काढायचाच असेल तर पूर्ण काढा की. लातूर पाणी पितंय मांजरा धरणाचं, धरण धनेगावला, तालुका केज, जिल्हा बीड. २०१६ ला धरण आटलं तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा हद्द कुणी विचारली नाही. शहराचा कचरा जातो शेजारच्या वरवंटी गावाला. एमआयडीसीत शिफ्टला येणारा पोरगा, गंजगोलाईतल्या दुकानात मापं काढणारा, अपार्टमेंटमध्ये धुणंभांडी करणारी मावशी, सकाळी दूध घालणारा, यातले किती जण रात्री महापालिकेच्या हद्दीत झोपतात ते जरा आपल्याच घरी येणाऱ्यांना विचारून बघा. हे लोक कमावतात शहरात आणि खर्चबी शहरातच करतात, बाजार इथं, दवाखाना इथं, पोरांच्या क्लासची फी इथं. घरपट्टी तेवढी ग्रामपंचायतीला भरतात म्हणून ते बाहेरचे.

शिवाय शहर आता त्या जुन्या हद्दीत मावतच नाही. २०११ च्या जनगणनेत लातूर ३ लाख ८२ हजारांचं होतं. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणजे कागदावर आपण अजून तिथंच. मधल्या काळात बार्शी रोड, अंबाजोगाई रोड, नांदेड रोड, औसा रोड, चारी बाजूंनी प्लॉटिंग झालं, एनए (बिगरशेती परवाना) झालं न झालं, बंगले उभे राहिले, शहरात परवडत नाही म्हणून नोकरदार माणूस तिकडं गेला. एकाच रस्त्याला अलीकडचं घर शहरात आणि पलीकडचं खेड्यात, असं कितीतरी ठिकाणी दिसंल. हरंगुळला रेल्वेचा डब्यांचा कारखाना झाला, पुण्याहून येणारी एक गाडी हरंगुळपर्यंतच येते, तिथं उतरलेल्या माणसानं बॅगा घेऊन गांधी चौकात कसं यायचं? रिक्षावाला म्हणंल तो भाव.

कुणी म्हणंल खेड्यांसाठी एसटी आहे की. आहे, आणि एसटीबद्दल माझ्या मनात आदरच आहे, ती नसती तर मराठवाड्यातल्या अर्ध्या पोरी शिकल्या नसत्या. पण एसटीचं काम लांबचं. औसा, रेणापूर, मुरुड हे एसटीनंच करावं, तिथं सिटी बस नेऊन उगं स्पर्धा करू नये. अडचण आहे ती पाच ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात. लांब पल्ल्याची गाडी तिथल्या पाटीवर, म्हणजे गावच्या फाट्यावर, थांबत नाही, थांबावी असा आग्रहबी धरता येत नाही, नांदेडला निघालेली गाडी दर दोन किलोमीटरला थांबली तर आतले लोक ड्रायव्हरला शिव्या घालतील. साधी गाडी येते ती शहराजवळ येईस्तोवर भरलेली असते. त्यामुळं गंमत अशी झालीय की सगळ्या सवलती कागदावर आहेत आणि या पट्ट्यातल्या माणसाला त्यातली एकबी नीट मिळंना. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या वरच्यांना फुकट, बारावीपर्यंतच्या खेड्यातल्या मुलींना अहिल्यादेवी योजनेत पास फुकट, इकडं महापालिकेनं मागं बायकांना सिटी बस मोफत केली तेव्हा राज्यभर कौतुक झालं. अन् सहा किलोमीटरवरच्या गावची बाई काय करते? टमटममध्ये पूर्ण पैसे देऊन, एका मांडीवर लेकरू आणि दुसऱ्या मांडीवर दुसऱ्याची पिशवी घेऊन येते. टमटमला ना अर्धं तिकीट ना पास, आणि सीट भरल्याशिवाय ती हलतबी नाही.

सगळ्यात जास्त हाल क्लासच्या पोरापोरींचे. लातूर पॅटर्न लातूर पॅटर्न म्हणून आपण छाती फुगवतो, नीटचा निकाल लागला की ट्यूशन एरियात बोर्डावर बोर्ड लागतात, पण जवळच्या गावातल्या शेतकऱ्याची पोरगी सकाळच्या बॅचला पोचायची कशी आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर परत जायची कशी याचा विचार त्या बोर्डात नसतो. मग बाप काय करतो, एक तर रोज मोटरसायकलवर सोडायला-आणायला येतो, म्हणजे त्याचं रानातलं काम बुडतं, नाहीतर सात-आठ किलोमीटरवर स्वतःचं घर असून पोरीला शहरात रूम करून देतो, मेस लावतो. ज्याला दोन्ही जमत नाही तो म्हणतो राहू दे, गावातच कर काय करायचं ते. बसच्या तुटीचा आकडा महापालिकेच्या बजेटमध्ये दिसतो, हा खर्च कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाही, एवढाच फरक.

बाहेर काय चालू आहे तेबी बघू. संभाजीनगरची स्मार्ट बस जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाली, ती वाळूजला जाते, आणि वाळूज काही तिथल्या महापालिकेत नाही, पण कामगार तिकडं आहेत म्हटल्यावर बस तिकडं जाणारच. पुण्याची पीएमपी तर कधीच हद्दीबाहेर गेलीय, तिथं पीएमआरडीएनं (पुणे महानगराच्या विकास प्राधिकरणानं) तुटीत वाटा उचलायचा असं ठरलंय. आता तिथंबी सगळं गोड नाही. २०२१-२२ च्या एसटी संपात पीएमपीनं खेड्यांकडं गाड्या वाढवल्या, पुढं एसटीनं आमचं उत्पन्न बुडतंय म्हटल्यावर २०२२ च्या शेवटी त्यातले काही मार्ग बंद झाले आणि सवय लागलेले गावकरी ओरडत बसले. म्हणून एसटीशी आधी बोलून, कोणत्या पाटीपर्यंत कोण हे लिहून घेऊनच सुरू करावं. कोल्हापुरात दुसरंच झालं, हद्दवाढीला विरोध करणाऱ्या गावांची केएमटी (तिथली सिटी बस) बंद करा अशी मागणी निघाली. आमच्याकडं ते नको. बस म्हणजे गाव हद्दीत ओढायचं गाजर नाही आणि रुसल्यावर काढून घ्यायचं खेळणंबी नाही.

आता पैशाचं. इथं मात्र मी गावाकडच्या लोकांच्या बाजूनं नाही. बस पाहिजे पण खर्च शहरानंच करावा, असं चालणार नाही. हद्दीच्या आतलं तिकीट, आतली मोफत सवलत आहे तशी राहू द्या, हद्द ओलांडली की पुढच्या टप्प्याचं वेगळं तिकीट घ्या, त्यात बायकांना एसटीसारखं अर्धं आणि क्लास-कॉलेजच्या पोरांना महिन्याचा पास. तरी तूट येणारच, ती हद्दीबाहेर जेवढे किलोमीटर बस धावली तेवढ्यापुरती काढून ग्रामपंचायती, जिल्हा परिषद आणि जिल्हा नियोजन समिती यांनी वाटून घ्यावी. सभामंडप आणि गावच्या कमानी बांधायला निधी सापडतो, तसा यालाबी सापडंल. ज्या ग्रामपंचायतीला द्यायचं नाही तिच्या गावात आत बस वळणार नाही, मेन रोडच्या पाटीवर थांबंल, एवढा फरक ठेवला तरी बरेच सरपंच हिशोबाला बसतील.

टमटमवाल्यांचा विरोध होणार हे उघड आहे, त्यांचंबी पोट आहे, बँकेचे हप्ते आहेत. पण बस काही प्रत्येक वस्तीवर आणि तांड्यावर जाणार नाही, ती मेन रोडनंच जाणार. वस्तीपासून पाटीपर्यंत माणसं आणायचं काम टमटमलाच राहतंय, उलट दिवसात फेऱ्या जास्त होतील. त्यांना आधी बोलवून वेळा सांगितल्या तर भांडण कमी होईल, नाहीतर पहिल्याच दिवशी स्टँडवर बस अडवली जाईल.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण ई-बस. केंद्रानं ऑगस्ट २०२३ मध्ये पीएम ई-बस सेवा मंजूर केली, देशात १० हजार ई-बस, चालवायला १० वर्षं मदत, आणि २०११ च्या जनगणनेत ३ लाखांच्या वर असलेली शहरं त्यात बसतात, म्हणजे लातूर बसतंय, परभणी, नांदेडबी बसतात. अशा गाड्यांचे करार किलोमीटरवर होतात. एकदा का रूट आणि किलोमीटर करारात बांधले गेले की नंतर गावं जोडा म्हटलं तर ठेकेदार वाढीव रेट मागणार, अधिकारी म्हणणार करारात नाही. म्हणून रूट ठरवतानाच हद्दीबाहेरचे तीन-चार मार्ग त्यात घाला, सगळीकडं एकदम नको. हरंगुळ स्टेशन, बाभळगाव, कोळपा, आर्वी असे जवळजवळचेच घ्या. सकाळी क्लास आणि शिफ्टच्या वेळेला जास्त फेऱ्या, दुपारी कमी, आणि शेवटची बस ट्यूशन एरियातून शेवटची बॅच सुटल्यावरच निघायला पाहिजे, त्याआधी निघाली तर पोरींना तिचा काही उपयोग नाही. वर्षभर चालवा आणि प्रत्येक मार्गाचं उत्पन्न न् खर्च दर महिन्याला पेपरात छापा. आतबट्ट्याचा निघाला तो मार्ग बंद करा, मी पहिला हो म्हणंन.

आपला,
बार्शी रोडवरचा एक वाचक, लातूर