बाबा, नर्सबाईंकडं दहा महिन्यांचं डिपॉझिट मागू नका

बेंगळूर, रविवार

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "तू एका खोलीचे अठरा हजार मोजतेस आणि आपल्या सोप्याकडच्या दोन खोल्या दोन हजारात जातात. आता मीही तिथं राहणाऱ्या नर्सबाईंकडनं बेंगळूरसारखं दहा महिन्यांचं डिपॉझिट घेणार." फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

बाबा, माझ्या अठरा हजारांत खोली थोडी आणि ऑफिसची जवळीक जास्त आहे. शहराच्या टोकाला बारा हजारात मिळेल, पण रोजचे तीन तास रस्त्यावर जातील. एक घर रिकामं झालं की बघायला रांग लागते, सगळे पगारदार. म्हणून मालक म्हणेल ती पूर्वदिशा. आपल्याकडं जांबोटीच्या पलीकडं भाड्यानं राहायला येतं कोण? मास्तर, फॉरेस्टचा गार्ड, दवाखान्यातल्या नर्सबाई. बाकी प्रत्येकाचं आपापलं कौलारू घर आहे.

आम्हा केंद्र सरकारच्या नोकरांना घरभाडं भत्ताही गाव बघूनच मिळतो. 2024 च्या जानेवारीपासून बेंगळूरला मूळ पगाराच्या 30 टक्के, बेळगावला 20, आपल्या गावाला 10. माझ्या 44,900 वर इथं 13,470 होतात. बेळगावात 8,980 आणि आपल्याकडं 4,490 झाले असते. वरचे साडेचार हजार मी पदरचे घालते. बेळगावात टिळकवाडीला मावशीच्या माडीला सात हजार भाडं येतं, ते तुमच्या दोन हजारांच्या आणि माझ्या अठरा हजारांच्या मधलं.

डिपॉझिटचं मात्र मनाला लागलं. माझ्या पहिल्या घरासाठी आईनं पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. घर सोडताना मालकानं रंगाच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापलं आणि उरलेल्या पैशांसाठी चार महिने फिरवलं. आई, तुझे मोकळे हात मी त्या गणपतीत बघितले. नर्सबाईंच्या घरीही कुणाच्या तरी पाटल्याच निघतील ना? केंद्रानं 2021 मध्ये राज्यांपुढं ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातसुद्धा राहत्या घराला दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट नाही. तेवढेच चार हजार घ्या.

आजी गेल्यावर त्या खोल्या दोन पावसाळे बंद होत्या. वाशाला वाळवी लागली, भिंतीला छातीएवढी ओल चढली, कौलं फुटली तरी कळलं नाही. नर्सबाई आल्यापासून रोज दार उघडतं, संध्याकाळी दिवा लागतो, कुठं गळलं की त्या लगेच हाक मारतात. आईचं बीपीही त्याच बघतात. उद्या त्या खानापुरात खोली करून बसनं ये-जा करायला लागल्या, तर रात्री तुमच्या हाकेला कोण येणार? मी इथून निघाले तरी पोचायला अख्खी रात्र जाते.

करार जरूर करा, पण अकरा महिन्यांचा. वर्षाच्या वरचा झाला की नोंदणी करावी लागते. कागद कानडीत टाईप होऊन येईल. सही करण्याआधी त्याचा फोटो पाठवा, मी ओळ न् ओळ वाचून मराठीत सांगते. भाडं वाढवायचंच असेल, तर मे महिन्यात आधी कौलं परतून घ्या आणि मग दोनशे वाढवा. कौलांचे पैसे मी पाठवते.

तुमची,
धाकटी