मंत्रीसाहेब, विश्वामित्री आधी शेडमध्ये वाहू द्या

मा. जलसंपदा मंत्री, गुजरात राज्य यांना नमस्कार.

साहेब, मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते, एका कॉलेजच्या हायड्रॉलिक्स लॅबमध्ये सत्तावीस वर्षं काढली, आता रिटायर. मराठीत लिहितेय कारण भांडण मराठीतच नीट जमतं, बडोद्यात भाषांतर करून द्यायला कोणीतरी मिळेलच तुम्हाला.

ऑगस्ट 2024 ला काळा घोडा पुलापाशी आपली विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली. अकोट्याला माझ्या मावसबहिणीकडे फ्रिज तरंगत होता, गल्लीत मगर. मग 2025 ला शहरातली नदी रुंद केली, गाळ काढला, ते बरं केलंत. पण एकच विचारायचंय, पुढच्या पुराचं पाणी त्याच जुन्या पुलांखालून कसं जाणार ते कोणी मॉडेलवर बघितलंय का, आणि बघितलं असेल तर ते मॉडेल 2024 च्या पुराशी ताडून पाहिलंय का?

हल्ली सगळं कॉम्प्युटरवर होतं, होऊ दे, आम्हीपण शेवटी शेवटी हेक-रास, म्हणजे नदीच्या पाण्याचा हिशोब करणारा प्रोग्राम, शिकलो. लांब नदीसाठी चांगलंच आहे ते. पण त्यात मॅनिंगचा एन, म्हणजे पात्र किती खडबडीत त्याचा आकडा, कोण भरतं? माणूसच ना. काठाला बाभळी, पात्रात जलपर्णी असताना नदी गुळगुळीत धरली की स्क्रीनवर पाणी दोन फूट उतरतं आणि मीटिंगमध्ये सगळे खूश. त्यातून पाणी पुलाच्या गर्डरला टेकलं की हिशोबच बदलतो, ते उघडं न वाहता पाइपात कोंबल्यासारखं जातं, वरच्या बाजूला फुगतं, त्यात खांबाला कचरा अडकला तर बघायलाच नको.

म्हणून म्हणते, पुलांपुरती तरी शेडमध्ये छोटी नदी बांधून खरं पाणी सोडून बघा. 1:50 चं, म्हणजे पन्नासपट लहान, मॉडेल केलं तर फ्राउडच्या नियमानं (खऱ्या नदीचे आकडे मॉडेलला लावायचा नियम) सेकंदाला 1000 घनमीटरचा पूर तिथे 57 लिटरच लागतो, म्हणजे सेकंदाला चारेक बादल्या, आणि सात तासांचा पूर तासाभरात आटपतो. मात्र मॉडेल खोटं बोलू शकतं, हे माझ्याकडून ऐका. एकदा पोरांनी इतकं छोटं मॉडेल केलं की सांडव्यावरून पाण्याचा जेमतेम दोन मिलिमीटरचा थर जात होता, पृष्ठताणामुळे पाणी काठाला चिकटूनच राहिलं आणि त्यांचा निष्कर्ष काय, तर सांडवा उत्तम! खडबडीतपणाचंही तसंच, 1:50 ला एन जवळपास निम्मा लागतो, मग आम्ही कुठे सिमेंट घोटायचो, कुठे खडी चिकटवायचो, पातळी जुन्या पुराच्या खुणांशी जुळेपर्यंत.

पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्र सरकारची जल संशोधन संस्था असली मॉडेलं करते, ती संस्था 1916 पासूनची, आणि गेरी, म्हणजे गुजरात सरकारची इंजिनिअरिंग संशोधन संस्था, तर आपल्याच रेसकोर्सवर आहे.

पण जुळवायला खुणा हव्यात ना. त्या अकोट्यात, समाला, फतेगंजला घराघरांच्या भिंतींवर आहेत, पाणी कुठवर आलं त्याची मळकट रेघ. माझ्या बहिणीची रेघ मी पेन्सिलीनं पक्की करून ठेवलीय, मेव्हणे मात्र रंगवाला बोलावतो म्हणून मागे लागलेत आणि शेजारच्या दोन घरांत तर रंग मारूनही झाला. लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) घेऊन दोन माणसं पाठवा साहेब, दिवाळीच्या आत.

आपली,
दांडिया बाजारची एक रिटायर लॅबवाली